पोचा कुणाचा

गावाकडं माणसाच्या हातात काय आहे, यावरून त्याची किंमत ठरते. विळा असेल तर कामाचा, पुस्तक असेल तर शिकलेला, पत्ते असतील तर वाया गेलेला. माझ्या हातात चिमटा, पॉलिश पेपरचा तुकडा आणि वीतभर लांबीची मोटार असते, त्यामुळं माझा हिशेब गावाला अजून नीट लागलेला नाही. पिंपरीच्या एका मोटार कारखान्यात रंगखात्यात 31 वर्षं काढली, निवृत्त होऊन कृष्णाकाठच्या गावी परत आलो, वाटणीचा दीड एकर ऊस पुतण्याच्या हवाली केला आणि सोप्यात खिडकीशी टेबल टाकून बसलो. येणारा-जाणारा उंबऱ्यातनंच विचारतो, "काय करतायसा नाना?"

"गाडी करतोय."

"चालती व्हय?"

"न्हाई."

"मग?"

या "मग?"चा मला राग येत नाही. जिथं पहाटे धार काढायची, मग वैरण, मग मोटर चालू करायला रानात, आणि लाइट रात्रीची असली तर रात्रीही रानातच, तिथं "उपयोग काय" हा प्रश्न खवचटपणाचा नसतो. पण त्याचं उत्तर याच गावानं मला लहानपणी देऊन ठेवलंय. आषाढात बेंदूर आला की ओढ्याकाठची चिकणमाती आणून घरोघर बैल करायचे. वशिंड जरा उंच, शिंगं बाकदार, पुढ्यात मातीचीच गव्हाण. ज्याच्या दावणीला खरी खिलार जोडी उभी असायची, त्याच्याही देव्हाऱ्यापुढं मातीची जोडी असायचीच. खरा बैल असताना मातीचा कशाला, असं कुणी विचारल्याचं मला आठवत नाही. ज्वारीची काढणी झाली की आम्ही पोरं ताटाच्या गाड्या करायचो. वरची साल सोलायची, आतलं पांढरं भेंड कापायचं, सालीच्याच काड्या नि बाभळीचे काटे खोचून साटा उभा करायचा. फाटक्या स्लिपरची गोल चाकं कापून तारेच्या गाड्या व्हायच्या, लांब तारेचं सुकाणू हातात धरून त्या गल्लीभर पळवायच्या. आज ज्याला लोक स्केल मॉडेल म्हणतात, ते हेच. आमचं स्केल तेवढं ज्याचं त्याच्या हाताचं असायचं.

खोक्यातल्या किटवर ते छापलेलं असतं. 1:24, 1:25, 1:43 असे आकडे. 1:24 म्हणजे खऱ्या गाडीचे 24 इंच इथं एक इंच. साडेपाच फुटांचा माणूस या हिशेबानं पावणेतीन इंचांचा होतो. खोकं उघडलं की प्लॅस्टिकच्या चौकटींना सगळे भाग लटकलेले असतात. दारं, बॉनेट, सीटा, आरसे, आणि नखाएवढं स्टिअरिंग. ते बारीक कात्रीनं सोडवायचे, कडा घासायच्या, रंगवायचे नि जोडायचे. जोडायला जे लावतात त्याला आपण गोंद म्हणतो, पण तो चिकटवत नाही. तो प्लॅस्टिक जरासं वितळवतो नि दोन भाग एकजीव होतात. एकदा झाले की ते सांधे सहजी सुटत नाहीत. ही गोष्ट ध्यानात ठेवा, पुढं तिचं काम आहे.

शेतकऱ्याच्या पोराला आवडावी अशी एक हकिगत या छंदाच्या इतिहासात आहे. इंग्लंडातल्या एअरफिक्स कंपनीचं नाव या धंद्यात मोठं, पण तिच्या किटांची सुरुवात मोटारीनं किंवा विमानानं झाली नाही, ट्रॅक्टरनं झाली. 1949 साली हॅरी फर्ग्युसन यांच्या कंपनीनं आपल्या विक्रेत्यांसाठी फर्ग्युसन ट्रॅक्टरची छोटी प्रतिकृती करून मागितली. एवढी किचकट वस्तू एका साच्यात निघेना, म्हणून भाग सुटे काढून जोडावे लागले. पुढं तेच सुटे भाग किट म्हणून विकायला निघाले. त्याच घराण्यातला मॅसी फर्ग्युसन 1960 नंतर मद्रासमध्ये बनू लागला, आणि आमच्या भागातल्या उसाच्या वाटांवर तो कित्येकांनी पाहिलाय. म्हणजे हे खेळणंसुद्धा जन्माला आलं ते कामासाठी, गिऱ्हाइकाला अवजार समजावून सांगण्यासाठी. काम संपलं, खेळ उरला.

मी हल्ली नवी किटं फारशी करत नाही. जुनी, मोडकी, कुणीतरी अर्धवट सोडलेली मॉडेलं नि धातूची खेळण्यातली वाहनं दुरुस्त करतो. आणि खरा प्रश्न इथंच येतो. एखादी जुनी वस्तू समोर आली की ती किती नवी करायची? आणि हे ठरवायचं कुणी?

आधी वैद्यासारखं बघावं लागतं, दुखणं वरचं की आतलं. वरच्या दुखण्याला इलाज आहे. काही दुखण्यांना नाही. खेळण्यातल्या गाड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या ओततात. फार जुन्या ओतकामात शिशाची भेसळ राहून गेली असेल तर धातू आतून किडत जातो, फुगतो, तडकतो, शेवटी बोटांत भुगा होतो. वरून कितीही रंग द्या. प्लॅस्टिकच्या जुन्या किटांत आणखी एक गंमत असते. टायर मऊ राहावेत म्हणून त्यात जे द्रव्य घालतात ते वर्षानुवर्षं हळूहळू झिरपतं नि टेकलेल्या प्लॅस्टिकला खातं. न वापरता जपून ठेवलेलं किट काढावं, तर चाकाची रिम टायरनंच विरघळवलेली. नुसतं कपाटात ठेवून दिलं म्हणजे वस्तू राहते, हा आपला समज काही खरा नाही.

वरच्या दुखण्यांबद्दल आमच्या आईचा नियम सोपा होता. आमच्याकडं पितळेची एक घागर होती. विहिरीच्या काठाला आपटून, भांडणात, लग्नात, पाहुण्यांच्या पोरांच्या हातून तिला पोचे पडत. वर्षातून एकदा तांबट यायचा. आई घागर त्याच्यापुढं ठेवायची आणि म्हणायची, "पोचं काढ." तो लाकडी हातोडीनं टकटक करून सगळे पोचे वर काढायचा. कल्हईवाला आला की पातेली त्याच्यापुढं, कारण कल्हई गेली की आमटी कळकते. त्या पोच्यांत आमच्या घराचा वीस वर्षांचा इतिहास होता म्हणा, पण आईनं कधी "हा राहू दे, हा धाकट्याच्या बारशाचा" असं म्हटलं नाही. घागरीत पाणी राहायला हवं, एवढीच तिची अपेक्षा.

पुढं कारखान्यातही तेच. ट्रकचं दार चेपलं की डेंटिंग करा, पुट्टी भरा, घासा, रंग मारा. कामाच्या वस्तूला हा प्रश्नच पडत नाही. वस्तू कामावरनं निवृत्त झाली की तिच्या जखमा आपल्याला प्यारे वाटायला लागतात. तीच घागर आज माझ्या एका भाचीच्या पुण्यातल्या फ्लॅटमध्ये फुलं ठेवायला आहे. ती म्हणते, "मामा, पोचे काढू नकोस हं, त्यातच तर मजा आहे." तिची आजी विहिरीवरनं डोक्यावर ती घागर घेऊन यायची. भाचीच्या डोक्यावर ती कधी आली नाही. तिचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण पोच्यात मजा वाटायला घागर आधी डोक्यावरनं उतरावी लागते, एवढं मला दिसतं.

रंगाची बाजू मी सांगू शकतो, कारण ती माझी भाकरी होती. खऱ्या मोटारीवर सगळे थर धरून साधारण 100 मायक्रॉन जाडीचा रंग असतो. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आता 1:24 मॉडेलवर तोच रंग स्केलप्रमाणं द्यायचा तर जाडी चार मायक्रॉन हवी. असा थर हातानं देता येत नाही. एअरब्रशनं कितीही पातळ मारा, मॉडेलच्या अंगावर रंगाची गोधडीच होते. दारांच्या फटी, बॉनेटवरच्या रेषा, सगळं थोडं थोडं बुजतं. एकावर एक तीनदा रंगवलेलं मॉडेल साबणाच्या झिजलेल्या वडीसारखं दिसतं. म्हणून नवा रंग द्यायचा तर जुना आधी उतरवावा लागतो. वस्तू नवी करणं म्हणजे तिच्यावर काही घालणं, असं लोकांना वाटतं. आधी काढणं येतं. आणि जे काढलं ते परत घालता येत नाही.

याचं मोठं उदाहरण आपण सगळ्यांनी बघितलं. 2022 साली वणीच्या सप्तशृंगीच्या मूर्तीवरचा वर्षानुवर्षांचा शेंदराचा लेप उतरवला, आणि आतली मूर्ती दिसली. डोळे, दागिने, वस्त्राच्या चुण्या. मूर्ती जपायची तर ते करणं भाग होतं, आणि जे दिसलं ते सुंदरच होतं. माझी मावशी दरसाल वणीला जाणारी. तिनं फोटो बराच वेळ निरखला, हात जोडले आणि म्हणाली, "देवी तीच. पर माझी आई ज्या रूपापुढं रडली, ते रूप आता माझ्याच डोळ्यांत राहिलं." तक्रार नव्हती तिची. लेप कुणी चोरून नेला नव्हता. पण पिढ्यांनी घातलेला थर हीसुद्धा एक वस्तूच असते, आणि तिच्याही आत माणसं असतात. मूळचं ते खरं आणि वरचं ते मळ, असा सरळ हिशेब तिच्या तोंडाकडं बघून मला करता येईना.

याच्या उलट टोकाला आमच्या छंदातली काही मंडळी आहेत. ती नव्या कोऱ्या मॉडेलला मुद्दाम जुनं करतात. आधी गंजाचा तपकिरी रंग, त्यावर केसांना मारायचा स्प्रे, त्यावर गाडीचा रंग. मग ओल्या ब्रशनं घासलं की वरचा रंग टवके टवके निघतो आणि खाली गंज दिसतो. कुणी स्प्रेऐवजी मीठ वापरतात. मीही हे केलंय. उसाच्या ट्रकचं एक मॉडेल केलं तेव्हा रानातली काळी माती फडक्यातनं गाळून चाकांना लावली होती. बघणारा म्हणतो, "काय हुबेहूब!" यात कलाकुसर आहे, बारीक नजर लागते. गंज कुठं आधी धरतो, चिखल कुठवर उडतो, हे माहीत असावं लागतं. तरी एक गोष्ट मनात राहते. ही झीज कुणी सोसलेली नाही. नाटकातल्या म्हाताऱ्याच्या केसांना पावडर लावावी तशी ती. त्यात वाईट काही नाही, फक्त नाटक आहे हे लावणाऱ्याला माहीत असलं म्हणजे झालं. घोळ तेव्हा होतो, जेव्हा खरी सोसलेली झीज आणि अशी रंगवलेली झीज आपल्याला सारखीच गोड वाटायला लागते.

हे सगळं मी कागदावर मांडतोय, पण माझ्या मनात ते नीट लागलं ते एका जीपमुळं.

माझा थोरला चुलतभाऊ वडापची जीप चालवायचा. आमच्याकडं एसटीच्या दोन फेऱ्यांमधल्या वेळात गावाला बाजाराशी, दवाखान्याशी, कॉलेजशी जोडलं ते वडापनं. पुढं चार, मध्ये पाच, मागं कितीही, आणि दारात एक पाय टेकवून उभा असलेला किन्नर. भावाच्या जीपच्या डॅशबोर्डवर खंडोबाच्या फोटोशेजारी धातूची एक खेळण्यातली जीप चिकटवलेली असायची, तळहातावर मावेल एवढी. बाजारातनं आणली तेव्हा ती हिरवी होती. त्यानं स्वतः तिला काळी-पिवळी केली आणि पुढच्या बंपरवर बारीक ब्रशनं आपल्या गाडीचा नंबर घातला. अक्षर सुंदर होतं त्याचं. शाळेत फळ्यावर सुविचार लिहायला गुरुजी त्यालाच उठवायचे.

भाऊ जाऊन आता बरीच वर्षं झाली. मागच्या उन्हाळ्यात वहिनी आणि त्यांचा मुलगा दोघं ती छोटी जीप घेऊन माझ्याकडं आले. पोरगा पुण्याला नोकरीवर रुजू होणार होता, जीप त्याला सोबत न्यायची होती. पुढचं एक चाक गेलेलं, डावा मडगार्ड आत दबलेला, हेडलाइट फुटलेला, रंग टवके उडालेला. मी चष्मा लावून बघितली आणि माझ्या सवयीप्रमाणं विचारलं, "काय काय करायचं सांगा."

पोरगा म्हणाला, "नाना, नुसतं चाक बसवा. बाकी काही करू नका. पोचा राहू द्या, रंग राहू द्या. पप्पांच्या हातची हाय ती."

त्याचं बोलणं मला पटलं. माझंही मन तिकडंच होतं. पण वहिनी काही बोलेनात. पोरगा पाणी प्यायला आत गेला तेव्हा त्या हळू आवाजात म्हणाल्या, "भाऊजी, पोचा काढा. रंग नवा द्या. पार नवी करा."

मी म्हटलं, "वहिनी, पोराला ती आहे तशी हवी आहे."

"त्याला त्यो पोचा म्हंजी बाप वाटतूया," त्या म्हणाल्या. "मला ती कुठल्या भिताडाला लागली ती जागा ठावं हाय. गाडी फायनान्सवाल्यांनी वडून न्हेली त्या राती. तवा ह्यो मामाच्यात शिकायला हुता. माझ्या डोक्याच्या वर चार बोटं लागली. त्यो पोचा रोज बघायचा आन वर त्याला आठवण म्हणायचं, ते मला न्हाई जमायचं."

मी गप्प बसलो. भाऊ वाईट माणूस नव्हता. अडलेल्या बाळंतिणीला रात्री-अपरात्री फुकट पोचवणारा माणूस होता तो. शेवटची दोन-तीन वर्षं कर्जानं नि दारूनं त्याला पार पिंजून काढलं, हे गावाला माहीत होतं. आत भिंतीवर काय आदळत होतं ते एकट्या वहिनींना माहीत होतं.

आता सांगा, त्या पोच्यावर हक्क कुणाचा? पोराचा आहे, कारण बापाची म्हणून त्याच्याकडं दुसरं काही नाही. वहिनींचा आहे, कारण तो पोचा त्यांच्या अंगावरनं गेलाय. माझा तर नाहीच. मी कारागीर. मला फार तर एवढं ठरवता येतं की पुट्टी कुठली वापरायची. आणि वहिनींनी मला जे सांगितलं ते पोराला सांगणं हेही माझं काम नव्हतं. मी जीप टेबलावर ठेवली आणि म्हटलं, "घाई नाही. तुम्ही दोघं बोला, मग मला सांगा. तोवर मी नुसतं चाक शोधतो."

चार दिवसांनी पोरगा एकटाच आला. डोळे सुजलेले होते, झोप झालेली दिसत नव्हती. म्हणाला, "नाना, आई म्हणती तशी करा." थोड्या वेळानं म्हणाला, "फकस्त नंबर तेवढा ठेवायचा. त्योबी आईच म्हणाली. त्या वक्ताला पप्पा चांगलं हुतं म्हणं."

मग मी ती जीप केली. तळातले दोन रिव्हेट बारीक ड्रिलनं काढले, वरचा भाग नि चासी वेगळी केली. बंपर सुटा निघाला, तो कापसात गुंडाळून डबीत ठेवला. बाकीच्या भागाचा रंग रंग उतरवायच्या रसायनानं काढला. काळा-पिवळा थर सुरकुतून निघाला, त्याखाली कारखान्याचा हिरवा, त्याखाली राखाडी धातू. मडगार्ड ठोकून बाहेर काढायचा मोह टाळला, कारण ही धातू वाकवली तर तडकते. पोचा एपॉक्सी पुट्टीनं भरला, वाळल्यावर आधी 400चा, मग 800चा, मग 1000चा पेपर पाण्यातनं घासला. प्रायमर दिला. पिवळ्याचे तीन पातळ हात, दोन हातांमध्ये एक एक दिवस, मग टेप लावून काळा. हेडलाइट एका मोडक्या गाडीचा बसवला. शेवटी बंपर परत लावला, जसाच्या तसा. नव्या पिवळ्याधमक अंगावर तो जुना बंपर आणि त्यावरचा थोडा पुसट नंबर वेगळा दिसतो. दिसू दे.

एक गोष्ट मी वहिनींना सांगितली आणि पोरालाही. पुट्टीच्या आत पोचा आहे. तो धातूत तसाच आहे, फक्त झाकलाय. वहिनी म्हणाल्या, "असू द्या. आत असायचाच हाय. वर नको."

त्या दिवसापासून मी एक नियम धरला, आणि तो मॉडेलच्या गाड्यांपुरता आहे असं मला वाटत नाही. ओरखडा ठेवायचा की पुसायचा, हे ज्यानं तो सोसला त्यानं सांगावं. बघणाऱ्यानं सांगू नये. पडका वाडा बघायला शहरातनं लोक येतात नि म्हणतात, "अगदी असाच ठेवा हो, काय वातावरण आहे!" त्या वाड्यात गळक्या छपराखाली पातेली मांडत पावसाळे काढलेल्या बाईला विचारा, ती पत्रा मागेल. आणि उलटही असतं. चुलीच्या धुरानं काळी पडलेली भिंत सून रंगवायला काढते, तेव्हा सासू म्हणते, एवढा कोपरा राहू दे. तिथंही तिलाच विचारायला हवं. "जुनं ते सोनं" आणि "जुनं ते टाकाऊ" ही दोन्ही वाक्यं न विचारता बोलायची वाक्यं आहेत.

पण मग पुढचा प्रश्न उभा राहतो. विचारायला कुणी उरलंच नसेल तर?

पुण्याच्या जुन्या बाजारात, बुधवार-रविवारी भरतो त्या, मला एकदा फोक्सवॅगन बीटलचं 1:24चं मॉडेल मिळालं होतं. प्लॅस्टिकचं, कुणा पोरानं जोडलेलं. गोंद सांध्यांतनं बाहेर आलेला, दोन्ही दारं वाकडी, एक सीट उलटी बसवलेली. असं मॉडेल मी आधी फ्रीजरमध्ये ठेवतो. थंडीनं जुने सांधे ठिसूळ होतात नि हलक्या हातानं सुटतात. ते सुटलं, सगळे भाग धुऊन ओळीनं मांडले, आणि पुढची काच उजेडात धरली तर तिच्यावर एक बोटाचा ठसा. गोंद लागलेल्या बोटानं पोरानं काच दाबली असणार. गोंदानं प्लॅस्टिक वितळलं, ठसा काचेतच बसला. बोट लहान होतं, आठ-दहा वर्षांच्या पोराचं. रेषान् रेषा उमटलेली. ते पोर आता बापय झालं असेल, कुठं असेल, असेल की नाही, कोण जाणे.

2000च्या पेपरनं नि पॉलिशनं ती काच अर्ध्या तासात आरशासारखी झाली असती. मी बाकीची गाडी पूर्ण नवी केली. दारं सरळ, सीट सुलटी, फिकट निळा रंग. पण काच तशीच बसवली. कारण साधं आहे. ज्याला विचारायचं तो समोर नाही, आणि मी पुसलं तर ते कायमचं जाईल. ठेवलं तर पुढं कुणालाही पुसता येईल. म्हणून जिथं विचारता येत नाही, तिथं कमीत कमी करावं, आणि करावं ते परत मागं फिरवता येईल असं करावं. वाकडी दारं सरळ केल्यानं त्या पोराचं काही गेलं नाही. त्यालाही ती सरळच करायची होती, हात लहान पडला. त्याला जे करायचं होतं ते मी पुरं केलं. ठसा त्यानं करायचा म्हणून केला नव्हता, म्हणूनच तो तेवढा त्याचा एकट्याचा आहे.

कधी कधी मला माझ्याच टेबलाचा विचार येतो. कडेला रंगाचे थेंब, एका कोपऱ्यात सुरीची चीर, मध्ये चहाच्या कपाची गोल खूण. माझ्या मागं हे टेबल पुतण्याकडं जाईल. त्याला मी सांगून ठेवलंय, हे तासून नवं करायचं असलं तर खुशाल कर, पोरांना अभ्यासाला होईल. तो म्हणाला, "न्हाई नाना, असंच ठिवीन." मी म्हटलं, तेही मला आत्ता कबूल करून नकोस. माझ्या खुणा मी करून जाईन. त्यांच्यासोबत राहायचं तुम्हाला आहे, तेव्हा तुम्हीच बघा.